अंतराशी इमान

वेरूळच्या कैलास लेण्यात उभं राहिलं की हल्ली एक वाक्य हमखास कानावर पडतं. "हे माणसाचं काम नव्हंच. एलियन येऊन करून गेले." बोलणाऱ्याने कुठलातरी व्हिडिओ पाहिलेला असतो. त्यात काही लाख टन दगडाला अठरा वर्षांनी भागलेलं असतं, आलेल्या उत्तराला दिवसांनी, मग तासांनी, आणि शेवटी विचारलेलं असतं की ताशी एवढा दगड छिन्नी-हातोड्याने निघेलच कसा. ऐकणारे माना डोलावतात आणि पुढच्या लेण्याकडे वळतात. मला वाईट वाटतं, आणि रागही येतो.

राग एलियनांवर नाही. परग्रहावरच्या जीवांच्या गोष्टी वाचतच मी वाढलो. परभणीच्या उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकलं की झोप लागेपर्यंत डोक्यात तोच विषय असायचा. पुढे भौतिकशास्त्र शिकलो, ते कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागलो, तरी तो प्रश्न सुटला नाही. या विश्वात आपल्यावाचून आणखी कुणी आहे का, याहून मोठा प्रश्न मला माहीत नाही. म्हणूनच तो इतक्या स्वस्तात सोडवलेला मला सहन होत नाही.

कैलासाच्या भिंतींवर छिन्नीच्या खुणा आहेत. ज्याला पाहायच्या आहेत त्याला त्या दिसतात. त्याहून मोठा पुरावा अर्धवट राहिलेल्या लेण्यांचा. अजिंठ्याचं चोविसावं लेणं पुरं झालंच नाही. दगड कुठून फोडायला घेतला, खांबासाठी कुठला भाग राखला, छत आधी कसं साधलं, हे सगळं तिथे उघडं पडलेलं आहे. आणि ते अठरा वर्षांचं गणित तरी कुठून आलं? राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण आठव्या शतकाच्या उत्तरार्धात सतराएक वर्षं गादीवर होता. सगळं त्याच्याच कारकिर्दीत उरकलं असं गृहीत धरलं तरच तो भागाकार होतो. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी या लेण्याचा कालक्रम लावताना त्यातले बरेच भाग नंतरच्या राजांच्या काळात घातले आहेत. म्हणजे काम पिढ्यांचं. गवंड्याचा मुलगा बापाच्या हातातली छिन्नी घेऊन उभा राहिला असणार, आणि त्याचाही मुलगा.

याच लेण्याबद्दल एक जुना मजकूर आहे. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्क सुवर्णवर्षाचा, इ. स. ८१२च्या सुमाराचा ताम्रपट बडोद्याला सापडला. त्यात कृष्णराजाच्या एलापुरातल्या, म्हणजे वेरूळच्या, देवालयाचं वर्णन आहे. विमानांतून जाणारे देव ते पाहून थक्क होतात. त्यांना वाटतं, हे स्वयंभूच असलं पाहिजे, कारागिरीत एवढं सौंदर्य कुठून येणार! आणि ज्याने ते घडवलं तो शिल्पीही चकित होतो, की हे मी केलं तरी कसं, आणि पुन्हा मला जमणार नाही. मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा उठून येरझाऱ्या घातल्या. आकाशातून जाणाऱ्यांनी खाली पाहिलं, माणसाचं काम पाहिलं, आणि ते माणसाचं आहे हे त्यांना पटेना. बाराशे वर्षांपूर्वी मराठवाड्याच्या भूमीवर घडणारी ही भेटीची गोष्ट लिहिली गेली आहे, आणि तिच्यात अचंबा वरच्यांना वाटतो! आपण ती गोष्ट उलटी करून टाकली.

ज्या विज्ञानकथेत निसर्गाचे नियम कथानकाच्या सोयीने वाकवले जात नाहीत, तिला 'हार्ड' म्हणायची पद्धत आहे. मला त्याच गोष्टी आवडतात. त्यांच्यात वेगाची मर्यादा पाळली जाते, इंधनाचा हिशोब ठेवला जातो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंतर खोटं केलं जात नाही. परग्रहाशी संपर्क या विषयाचं सगळं मर्म अंतरात आहे. ते बाजूला काढलं की उरतं ते शेजारच्या गावच्या पाहुण्यांचं येणं-जाणं.

व्हॉयेजर-१ हे यान सप्टेंबर १९७७मध्ये निघालं. सेकंदाला १७ किलोमीटर हा त्याचा वेग. छत्रपती संभाजीनगरहून नांदेडला ते तेरा-चौदा सेकंदांत पोहोचेल. या वेगाने पस्तीस वर्षं धावून २०१२च्या ऑगस्टमध्ये ते सौरवाऱ्याच्या, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या कणांच्या, बुडबुड्याबाहेर, ताऱ्यांमधल्या अवकाशात गेलं. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे प्रकाशालाही तिथून यायला सव्वाचार वर्षं लागतात. व्हॉयेजर त्या दिशेने निघालेलं नाही, पण असतं तर त्याला सुमारे ७५,००० वर्षं लागली असती. त्या यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यावर ५५ भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यांत एक मराठीतला आहे. केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. आपली भाषा सूर्याच्या वाऱ्याबाहेर गेलेली आहे, हे मी दर वर्षी वर्गात सांगतो आणि दर वर्षी कुणीतरी विचारतं, "सर, ऐकणार कोण?"

२०२३च्या नोव्हेंबरमध्ये या यानाकडून येणारी माहिती अर्थहीन झाली. नुसते शून्य-एक, त्यांतून काही लागेना. अभियंत्यांनी महिनोन्महिने खपून शोधलं की स्मृतीची एक चिप गेली आहे. त्यांनी तिच्यातली आज्ञावली तुकडे करून दुसरीकडे बसवायचं ठरवलं. १८ एप्रिल २०२४ला संदेश सोडला. तो पोहोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. २० एप्रिलला कळलं की यान पुन्हा नीट बोलतंय. सत्तरच्या दशकातल्या माणसांनी बनवलेलं यंत्र, त्यांची नातवंडं शोभावीत अशी माणसं दुरुस्त करतायत, आणि 'झालं का?' एवढं विचारायला दोन दिवस जातायत. कुठलाही राक्षस नाही, युद्ध नाही, तरी मी त्या दिवसांत बातमी उघडताना श्वास रोखून असायचो. अंतर प्रामाणिकपणे मांडलं की त्यातच नाट्य असतं, हे मला तेव्हा पुरतं पटलं.

आता आमच्या हिंगोलीकडे येतो.

औंढा नागनाथजवळ, दुधाळा गावाच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे खुद्द अवकाशातच उठणाऱ्या सूक्ष्म हादऱ्यांची, वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३मध्ये तिला २,६०० कोटींची मंजुरी दिली. काटकोनात निघालेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांच्या आत निर्वात नळ्या, नळ्यांतून जाणारा लेसर. औंढ्याच्या स्टँडजवळ चहा घेताना एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारलं होतं, "मास्तर, तिथं बसून वरल्या लोकायशी बोलणार हायेत म्हणं?" मी म्हणालो, "नाही बाबा, बोलणार नाहीत. ऐकणार आहेत. आणि तेही लोकांचं नाही." त्यांनी पुढचा प्रश्न केला तो फार नेमका होता. "मंग कुणाचं?"

काय ऐकणार, ते सांगायला मला बराच वेळ लागला आणि त्यांनी तो दिला. १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी पहिल्यांदा अशी लहर टिपली. एक वेधशाळा लुइझियानात, दुसरी वॉशिंग्टन राज्यात, मध्ये तीन हजार किलोमीटर. लहर आधी एकीकडे पोहोचली आणि सात मिलिसेकंदांनी दुसरीकडे. सव्वाशे-दीडशे कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत एकत्र झाली होती. एकाचं वस्तुमान सुमारे ३६ सूर्यांएवढं, दुसऱ्याचं २९. त्या मिलनात तीन सूर्यांएवढं वस्तुमान ऊर्जा होऊन निघून गेलं. तो हादरा आपल्यापर्यंत पोहोचला तेव्हा चार किलोमीटरची भुजा प्रोटॉनच्या जाडीच्याही शेकडो पटींनी कमी एवढीच हलली. ते हलणं माणसाने मोजलं.

हे ऐकून म्हातारबा म्हणाले, "इथं तर जमीनच बोलती."

खरंच बोलते. वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे आणि आसपासची गावं वर्षानुवर्षं जमिनीखालून येणारे आवाज ऐकत आली आहेत. गडगडल्यासारखा आवाज, घरातली भांडी थरथरतात, माणसं रस्त्यावर येतात. २०२४मध्ये मार्चला आणि पुन्हा जुलैला या भागात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. बाहेरच्या माणसाला ४.५ किरकोळ वाटेल. आमच्याकडे ३० सप्टेंबर १९९३ची पहाट कुणी विसरलेलं नाही. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लहान होतो. परभणीतही पलंग हलला होता, आणि पुढचे कित्येक दिवस गल्लीतलं कुणी छताखाली झोपायला तयार नव्हतं. तेव्हापासून आवाज झाला की आमच्याकडची माणसं आधी कान देतात: ट्रक आहे, विहिरीवरचा सुरुंग आहे, की ते आहे?

वेधशाळेतल्या माणसांचं काम नेमकं हेच असतं. वॉशिंग्टनच्या वेधशाळेत एकदा मोजमापात विचित्र टिपके दिसू लागले. शोध घेतल्यावर कळलं की डोमकावळे नळावर जमलेल्या बर्फाला चोची मारत होते. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीला १९९८पासून अधूनमधून गूढ स्पंदनं मिळायची. २०१५मध्ये उलगडा झाला: मायक्रोवेव्ह ओव्हन बंद व्हायच्या आधीच कुणीतरी त्याचं दार उघडत होतं. सतरा वर्षं लागली, पण त्यांनी कारण शोधून काढलं आणि जगाला सांगितलं. मला या माणसांबद्दल अतोनात आदर वाटतो. परग्रहाचा संदेश सापडल्याची हाक देणं त्यांच्या हातात होतं. त्यांनी आधी स्वतःच्या स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं.

कधी मात्र स्वयंपाकघरात काही सापडत नाही. १९६७मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला दर १.३३७ सेकंदांनी येणारी स्पंदनं मिळाली. इतकी काटेकोर की त्या स्रोताला सुरुवातीला 'छोटे हिरवे लोक' असं टोपणनाव पडलं. निघाला तो स्वतःभोवती गरगरणारा न्यूट्रॉन तारा. एलियन नव्हते म्हणून कुणाची निराशा झाली असेल तर तिच्या बदल्यात मिळालं काय ते पाहावं: सूर्याहून जड, एखाद्या शहराएवढा, आणि सेकंदाच्या हिशोबाने फिरणारा पदार्थाचा गोळा. अशा गोष्टीची कल्पना कुठल्या कथाकाराने केली असती तर आपण तिला अतिशयोक्ती म्हटलं असतं.

मराठीत या वाटेने लिहिणारे झाले. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. आद्याक्षरं उलटी वाचली की लेखक कळतो: जयंत विष्णू नारळीकर. नाव पाहून परीक्षकांचं मत होऊ नये म्हणून त्यांनी दुसरं नाव घेतलं होतं. कथा कृष्णविवराची होती. त्याच नारळीकरांनी पृथ्वीबाहेरच्या जीवांच्या प्रश्नाला प्रत्यक्षातही हात घातला. २००५च्या एप्रिलमध्ये हैदराबादहून एक मोठा बलून सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने आणले गेले. त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. आणि सोबत हेही स्पष्ट सांगितलं गेलं की हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं यावरून सिद्ध होत नाही. २० मे २०२५ला नारळीकर गेले तेव्हा वर्गात मी त्यांच्या कथांबद्दल बोललो, पण जास्त वेळ याच एका वाक्याबद्दल बोललो. आयुष्यभर ज्या कल्पनेची ओढ होती तिच्या बाजूने कौल देण्याची संधी समोर असताना, पुरावा जिथे संपतो तिथे थांबायचं. विज्ञानकथेकडूनही मला तेच हवं असतं.

हैदराबादचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. निजामिया वेधशाळा नवाब जफर जंग यांनी सुरू केली, नंतर ती संस्थान सरकारकडे गेली. १८८७मध्ये पॅरिसला जगभरच्या वेधशाळांनी मिळून ठरवलं होतं की सगळं आकाश वाटून घ्यायचं आणि छायाचित्रांवरून तारे मोजायचे. चिलीतल्या सांतियागोच्या वाट्याचा पट्टा त्यांच्याकडून झाला नाही, तो हैदराबादने अंगावर घेतला आणि दशकानुदशकं राबून लाखो ताऱ्यांच्या जागा नोंदवल्या. त्या संस्थानात तेव्हा मराठवाडा होता. आमच्या पणजोबांनी भरलेला शेतसारा त्याच तिजोरीत गेला. त्या साऱ्याची जुलूम-जबरदस्ती मी विसरत नाही. पण त्यातला काही अंश दक्षिण आकाशातले तारे मोजण्यात खर्ची पडला असेल, या विचाराने मला त्या ताऱ्यांवर आपला हक्क वाटतो. ज्यांनी सुरुवात केली त्यांतल्या पुष्कळांनी शेवट पाहिला नाही. वेरूळसारखंच.

अशा कामाची गोष्ट मला मराठीत वाचायची आहे. तिचा सांगाडा मी वर्गात मुलांपुढे मांडत असतो. कुंभ राशीत ४० प्रकाशवर्षांवर ट्रॅपिस्ट-१ नावाचा एक थंड, लाल, बुटका तारा आहे. त्याच्याभोवती सात ग्रह आहेत हे २०१७मध्ये जाहीर झालं. सातही इतके जवळून फिरतात की सर्वांत दूरच्याचं वर्षही एकोणीस दिवसांत संपतं. समजा, जुन्नरजवळच्या खोडदच्या दुर्बिणीला तिकडून काहीतरी आलं. तिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. रात्रपाळीला औंढ्याची एक मुलगी आहे. ती नाचत सुटत नाही. दुर्बीण बाजूला वळवून पाहते, संकेत जातो का. परत आणून पाहते, येतो का. पृथ्वी फिरते आणि तो ग्रहही फिरतो, म्हणून खऱ्या संकेताची वारंवारता हळूहळू सरकत राहिली पाहिजे. ती सरकते का आणि तेवढीच सरकते का, हे ती महिनोन्महिने तपासते. मग जगातल्या इतर दुर्बिणींना कळवते. अखेर सगळ्यांची खात्री पटते आणि प्रश्न उरतो: उत्तर द्यायचं तर विचारायचं काय? जायला ४० वर्षं, यायला ४०. एकच प्रश्न परवडतो.

मुलांना मी हे विचारतो तेव्हा आधी अपेक्षित उत्तरं येतात. देव मानता का, मरण जिंकलं का, तुमची गाडी कशावर चालते. यंदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, तुमच्याकडं पाणी कुठून येतं ते विचारायचं." वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण एका झटक्यात ती त्या ग्रहांच्या सर्वांत अवघड प्रश्नाला भिडली होती. ताऱ्याच्या इतक्या जवळ असलेल्या ग्रहाची एकच बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे असते, आपल्याला चंद्राची दिसते तशी. एकीकडे कायमचा दिवस, दुसरीकडे कायमची रात्र. दिवसाकडच्या पाण्याची वाफ होते, ती रात्रीकडे जाते आणि तिथे गोठते. हवा पुरेशी दाट नसेल, उष्णता पलीकडे पोहोचत नसेल, तर सगळं पाणी अंधाऱ्या बाजूला बर्फ होऊन अडकून पडेल. त्या बर्फाची जाडी वाढत जाऊन तो स्वतःच्या वजनाने उजेडाकडे सरकला, तर सीमेवर वितळेल. दिवस-रात्रीच्या मधल्या त्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात कुणी राहत असेल, तर त्यांचं सगळं जगणं अंधारातून किती बर्फ सुटतो यावर.

मी फळ्यावर हे काढून दाखवलं तर तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे जायकवाडीच की, सर." वरच्या धरणांतून पाणी सुटणार की अडणार यावर जायकवाडी, आणि जायकवाडीवर आम्ही. २०१६मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं तेव्हा ही मुलं पहिली-दुसरीत होती. त्यांना टँकरची रांग आठवते. पाण्याने भरलेल्या देशातला कथाकार त्या संधिप्रकाशात राजवाडे उभारील, प्रेमकथा घडवील. आमच्या वर्गाने पहिल्या तासातच तिथे पाणीवाटप आयोग नेमला, अंधाराकडच्या आणि उजेडाकडच्या लोकांचे करार लिहिले, आणि बर्फ फोडायला जाणाऱ्यांना मजुरी किती, यावर वाद घातला. जीवयोग्य ग्रहाची शास्त्रज्ञांची पहिली कसोटीही तीच आहे की पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकेल का. या प्रांतातल्या मुलांना ती कसोटी पुस्तकातून शिकवावी लागत नाही.

पुढे मी विचारलं, उत्तर यायला ८० वर्षं. औंढ्याची ती मुलगी तोवर नसणार. मग दुर्बिणीपाशी कोण असेल? पगार कोण देईल? मधल्या काळात कुणी वेधशाळा बंद केली, निधी आटला, जमीन दुसऱ्या कामाला दिली तर? पोर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून १९७४मध्ये २५,००० प्रकाशवर्षांवरच्या तारकागुच्छाकडे संदेश पाठवला गेला, आणि २०२०च्या १ डिसेंबरला ती दुर्बीणच कोसळली. त्यावर एक मुलगा बराच वेळ काही लिहीत बसला आणि शेवटी उभा राहून म्हणाला, "सर, उत्तर ज्यांना मिळणार ते अजून जन्मलेच नाहीत. त्यांना न विचारता आपण प्रश्न कसा पाठवायचा?"

यावर वर्गाचे सरळ दोन तट पडले. एक तट म्हणतो, वेरूळच्या पहिल्या पाथरवटाने तरी कुणाला विचारलं होतं? दुसरा म्हणतो, लेणं कुणाचं नुकसान करत नाही, उत्तर काय येईल ते कुणी सांगावं. मी बाजू घेतलेली नाही. तो मुलगा आणि ती मुलगी मिळून आता ही गोष्ट लिहायला बसली आहेत. प्रश्न पाण्याचाच राहणार, एवढं त्यांचं ठरलंय. पाठवायचा की नाही, यावर दोघांचं अजून भांडण चालू आहे.